शरीराचा पैसाफंड

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आपल्या तळेगावात १९०८ साली पैसाफंड काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडे वर्षाला माणशी एक पैसा मागितला. लोकमान्य टिळकांनी त्या कामाला पाठबळ दिले आणि पैशापैशातून कारखाना झाला. काचेचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की तापलेली काच एकदम गार केली तर तडकते. ती हळूहळूच निववावी लागते. शरीराचेही असेच आहे. ते थोड्याथोड्या पुंजीतून उभे राहते आणि घाई केली तर तडकते.

आज आपल्या मुलांना घाई फार झाली आहे. ईदच्या आत दंड भरले पाहिजेत, भरतीच्या आधी महिनाभरात छाती फुगली पाहिजे! मग कोणीतरी पावडर सुचवतो, कोणी सुई. मुली बारीक होण्यासाठी सकाळचा नाश्ता सोडतात. दहावीचा विद्यार्थी रात्ररात्र जागतो आणि आपण पालक कौतुकाने सांगतो, ‘आमचा मुलगा झोपतच नाही.’ हे कौतुक करण्यासारखे नाही.

हदीसमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची हकीकत आहे. तरुणपणी ते रोज रोजा धरीत आणि रात्रभर नमाजात उभे राहत. प्रेषित मुहंमद (स.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी समजावले, की रोजे धर आणि सोडही, नमाज पढ आणि झोपही, कारण तुझ्या शरीराचा, डोळ्यांचा आणि घरच्या माणसांचाही तुझ्यावर हक्क आहे. महिन्याला तीन रोजे पुरेत, असेही सुचवले. अब्दुल्लाह म्हणाले, ‘माझ्यात याहून जास्त ताकद आहे,’ आणि त्यांनी जास्त मागून घेतले. पुढे म्हातारपणी ते हळहळत, की ती सवलत मी तेव्हाच स्वीकारायला हवी होती. मित्रांनो, जिथे इबादतीलाही मर्यादा घालून दिली, तिथे दंड-बैठकांना ती नको काय?

स्टेरॉइडची सुई म्हणजे शरीराकडून व्याजाने काढलेले कर्ज आहे. स्नायू लवकर फुगतात, पण यकृतावर आणि हृदयावर ताण येतो. शरीर स्वतःचे संप्रेरक कमी बनवू लागते. वाढत्या वयात हाडांची वाढ वेळेआधी थांबून उंचीही खुंटू शकते. सवय नसताना एका दिवसात अतोनात व्यायाम केला तरी स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार पडतो. अशा व्यायामानंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर घरगुती उपाय करीत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

मुलींच्या मातांना एक विनंती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा स्थितीत मुलीने उपाशी राहणे म्हणजे रिकाम्या डब्यातून उसने काढणे होय. मुलाच्या ताटात जे अंडे पडते, ते मुलीच्याही ताटात पडू द्या. खेळाच्या मैदानावरही तिला जागा द्या.

मग करावे काय? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे हालचालीत घालवावीत आणि मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे तरी भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा. याला पैसे लागत नाहीत. आज दहा बैठका जमल्या तर पुढच्या आठवड्यात बारा करा, चाळीस नकोत. दुखले तर थांबा. किशोरवयात ८ ते १० तास झोप हवी. केलेला अभ्यास झोपेतच पक्का होतो. चाकणला रात्रपाळी करणाऱ्या भावांनी घरी येताच वजने उचलू नयेत, आधी झोप घ्यावी. रमजानात व्यायाम हलका ठेवा आणि तो इफ्तारनंतर करा. भाकरी, डाळ, शेंगदाणे आणि अंडी ही आपली पावडर!

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. पदकासाठी त्यांना आणखी चार वर्षे मेहनत करावी लागली. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ज्या कामाला खाशाबांना वर्षे लागली, ते आपल्या मुलाकडून महिन्यात मागू नका. शेजारच्या मुलाशी त्याची तुलना करू नका. कालच्यापेक्षा तो आज थोडा बरा आहे का, एवढेच पाहा.

थोडे असले तरी नियमाने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आज घरी जाताना प्रत्येकाने ठरवावे, की शरीराच्या फंडात रोज एक पैसा टाकीन आणि त्याच्याकडून कर्ज काढणार नाही.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.