उत्तरायणातील बिऱ्हाडे

रवींद्रनाथ ठाकुरांच्या काव्यावर, शिक्षणविचारावर आणि राष्ट्रवादाविषयीच्या त्यांच्या भूमिकेवर आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या मानाने लहान आहे. घरमालक या नात्याने रवींद्रनाथ कसे होते, ते वारंवार बिऱ्हाड का हलवीत, लेखनातून उसंत मिळाली म्हणजे कशात रमत, आणि जगातील बातम्यांचे त्यांच्या घरात काय होई, एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे.

शांतिनिकेतनची मूळ जागा रवींद्रनाथांनी निवडलेली नव्हे. त्यांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ यांनी १८६३ मध्ये बीरभूम जिल्ह्यातील उजाड माळावर वीस बिघे जमीन घेतली. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये तेथे शाळा काढली आणि पुढे काही वर्षे 'देहली' नावाच्या एका लहानशा दुमजली घरात त्यांनी वास्तव्य केले. शाळा वाढली, पाहुणे वाढले, १९१३ च्या नोबेल पारितोषिकानंतर तर देशोदेशीची माणसे येऊ लागली. तेव्हा आश्रमाच्या गजबजाटापासून थोडे दूर, उत्तरेच्या बाजूस, त्यांनी मोकळ्या माळावर नवे घर मांडावयाचे ठरविले. हाच पुढे 'उत्तरायण' या नावाने प्रसिद्धीस आलेला परिसर.

तेथील पहिले घर 'कोणार्क'. १९१९ च्या सुमारास ते उभे राहू लागले, आणि उभे राहू लागले असेच म्हणणे योग्य, कारण ते पुरे झाले असे कधी वाटलेच नाही. कोठे भिंत हलवावी, कोठे ओटा वाढवावा, कोठे जमिनीची पातळी उंच घ्यावी, असे सतत चाले. आजही त्या घरात वावरणाऱ्यास एका दालनातून दुसऱ्यात जाताना पायरी चढावी किंवा उतरावी लागते. समोर काटेसावरीचा मोठा वृक्ष होता. त्याच्या सोबतीला बसता यावे ही त्या घराची एक मुख्य सोय मानावी लागेल.

त्यानंतर 'उदयन' हा मोठा वाडा वर्षानुवर्षे वाढत गेला. कवीचे चिरंजीव रथींद्रनाथ आणि कलाभवनातील शिक्षक सुरेंद्रनाथ कर हे त्याचे खरे कर्ते. पाहुण्यांचे स्वागत, नाटकांच्या तालमी, सभा हे सारे तेथे होई. कवीला मात्र एवढा मोठा वाडा फार काळ मानवत नसे. जवळच्या माणसांच्या आठवणींत एक गोष्ट पुनःपुन्हा येते : एका घरात काही दिवस गेले की त्यांचे मन तेथून उठे. एकाच घरात असतानाही ते लिहिण्याची जागा बदलीत. आज पूर्वेकडील खिडकीपाशी, तर चार दिवसांनी ओसरीवर. ज्याला स्वतःच्या ओळी खोडून पुन्हा लिहिण्याची सवय असते, त्याने घरेही तशीच खोडावी यात नवल नाही. पण ओळ खोडण्यास शाई पुरते, घर खोडण्यास गवंडी, माती आणि पैसा लागतो. विश्वभारतीचा संसार तर नेहमीच ओढगस्तीचा. या हौसेचा भार कोणी वाहिला, असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच येते : रथींद्रनाथांनी. त्यांनी अमेरिकेत, इलिनॉय विद्यापीठात, शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले होते. ते उत्तम सुतारकाम करीत, चामड्यावरील नक्षीकामात त्यांना गती होती, आणि खडकाळ मुरमाड माळावर त्यांनी बागा फुलविल्या. वडिलांची इच्छा झाली की घर उभे करावयाचे, आणि इच्छा फिरली की त्यांचे सामान दुसरीकडे लावून द्यावयाचे, हे काम त्यांनी सुमारे वीस वर्षे केले. चरित्रकार या माणसाकडे फारसे वळून पाहत नाहीत, हे न्याय्य नव्हे.

उत्तरायणातील सर्वांत विलक्षण घर म्हणजे 'श्यामली'. १९३५ च्या वैशाखात, कवीला चौऱ्याहत्तर वर्षे पूर्ण झाली त्या सुमारास, ते तयार झाले. भिंती मातीच्या, आणि छपरही मातीचेच. महाराष्ट्राच्या पठारी भागातील वाचकास यात काही अपूर्वाई वाटणार नाही. धाब्याची घरे आणि माळवदे त्याच्या परिचयाची आहेत. परंतु बंगालमधील खेड्यात भिंत मातीची असली तरी वर गवताचे छप्पर असावयाचे, कारण तेथला पाऊस माळवदाला सोसणारा नव्हे. गवताचे छप्पर दर काही वर्षांनी शाकारावे लागते, आणि उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली की वाड्याच्या वाड्या जळून जातात. मातीचे छप्पर टिकविता आले तर गरीब कुटुंबाचा खर्च वाचेल आणि आगीचे भय जाईल, असा विचार या घरामागे होता. तेव्हा केवळ कविकल्पना म्हणून श्यामलीकडे पाहणे बरोबर नाही. तो एक प्रयोग होता आणि प्रयोग करणाऱ्याने स्वतः त्यात राहावयाचे ठरविले होते. उष्णता कमी व्हावी म्हणून भिंतींत मातीची मडकी बसविली गेली. आराखडा सुरेंद्रनाथ करांचा. नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बाहेरील भिंतींवर उठावाची शिल्पे केली. त्यांत तरुण रामकिंकर बैज होते.

'शेष सप्तक' या त्याच वर्षीच्या काव्यसंग्रहात कवीने श्यामलीचा उल्लेख आपल्या अखेरच्या काळातील घर म्हणून केला आहे. मातीत मिसळून जाणारे घर आपल्याला पुरे, असा त्याचा भाव. कवीचा हा निश्चय प्रामाणिक होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पुढच्याच वर्षी शेजारी आणखी एक घर उभे राहिले आणि त्याचे नाव ठेवले गेले 'पुनश्च'. पत्र संपवून सही केल्यावर काही आठवावे तसे ते नाव. त्यानंतर 'उदीची'. तेथील वरची खोली खांबांवर उचललेली. म्हणजे अखेरच्या घरानंतर आणखी दोन घरे झाली. श्यामलीने मात्र पाहुणचार केला. १९४० च्या फेब्रुवारीत गांधीजी आणि कस्तुरबा शांतिनिकेतनास आले, तेव्हा ते तेथेच उतरले होते. त्याच भेटीच्या शेवटी, आपल्या पश्चात विश्वभारतीचा सांभाळ करावा असे पत्र कवीने गांधीजींच्या हाती दिले. घर बदलण्याची हौस असलेल्या माणसाला आपल्यामागे घराचे काय होईल ही चिंता नव्हती, असे म्हणता येत नाही.

मातीचे घर जपणे हे घर बांधण्याहून कठीण. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने श्यामलीच्या जतनाचे काम हाती घेतले, आणि २०२३ मध्ये शांतिनिकेतनाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला. बीरभूमच्या खेड्यांनी मात्र मातीचे छप्पर उचलले नाही.

आता छंदांविषयी. चित्रकलेचा आरंभ हस्तलिखितातील खाडाखोडीतून झाला हे सर्वश्रुत आहे. १९२४ मध्ये अर्जेंटिनात व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्याकडे विश्रांती घेत असताना 'पूरबी'च्या वहीतील खोडलेल्या शब्दांना पक्षी-प्राण्यांचे आकार येऊ लागले होते. १९३० मध्ये पॅरिसमध्ये पहिले प्रदर्शन झाले तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. पुढे चित्रांची संख्या दोन हजारांवर गेली. जो छंद एवढा वाढतो त्यास छंद म्हणावे की नाही हा प्रश्नच आहे.

खरा घरगुती छंद दुसराच होता. होमिओपथी आणि बायोकेमिक औषधांची पेटी ते जवळ बाळगीत आणि नोकरचाकर, शेजारी, आश्रमातील मुले यांना औषधे देत. गुण आला म्हणजे कवितेची स्तुती ऐकल्यापेक्षा त्यांना अधिक समाधान होई, असे त्यांच्या सहवासातील लोक सांगत. वृक्षवेलींना नावे देणे हाही त्यांचा आवडता उद्योग. परदेशी किंवा बिननावाच्या वेली त्यांच्या अंगणात आल्या आणि 'नीलमणिलता', 'मधुमंजरी' होऊन बंगाली भाषेत राहिल्या. आकाशनिंबाच्या झाडाचे त्यांनी 'हिमझुरी' केले. वयाच्या शहात्तराव्या वर्षी विज्ञानाच्या वाचनातून 'विश्वपरिचय' हे सुबोध पुस्तक त्यांनी लिहिले आणि ते सत्येंद्रनाथ बोस या शास्त्रज्ञास अर्पण केले.

एवढे सगळे असता, ज्या मेजावर औषधांच्या बाटल्या व रंगाच्या दौती असत, त्याच मेजावर वर्तमानपत्रही येऊन पडे. बिऱ्हाड कितीही वेळा हलविले तरी त्याचा पत्ता चुकत नसे. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. कवीने तत्काळ लेखी निषेध केला : नैसर्गिक घटनेचा नैतिक अर्थ लावल्याने देशातील अविवेकच बळावतो. गांधीजींनी तो 'हरिजन'मध्ये छापला. १९३८ मध्ये चीनवरील आक्रमणाचे समर्थन करणाऱ्या जपानी कवी नोगुची या जुन्या स्नेह्यास त्यांनी असेच कठोर उत्तर धाडले. १४ एप्रिल १९४१ रोजी, बंगाली वर्षारंभी, 'सभ्यतार संकट' हे त्यांचे अखेरचे भाषण उदयनमध्ये वाचले गेले. शरीर थकलेले असल्यामुळे ते क्षितिमोहन सेनांनी वाचले आणि कवी ऐकत बसले.

जूनमध्ये जर्मन सैन्य रशियात शिरले. २५ जुलै रोजी शस्त्रक्रियेसाठी कवीला कलकत्त्यास नेण्यात आले. हा एकच स्थलांतराचा प्रसंग असा की ज्यास त्यांचे मन तयार नव्हते. शस्त्रक्रियेस त्यांचा मुळापासून विरोध होता. ३० जुलैला ती होण्यापूर्वी त्यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना रशियातील आघाडीची बातमी विचारली. शत्रूला थोडेफार थोपविले जात आहे असे कळताच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. ७ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचे निधन झाले ते जोडासांकोच्या वाड्यात, जेथे त्यांचा जन्म झाला होता. तो त्यांच्या घराण्याचा जुना वाडा.

रथींद्रनाथ मागे राहिले. १९५१ मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले आणि ते पहिले उपाचार्य झाले. दोनच वर्षांनी ते पद सोडून ते देहरादूनला निघून गेले. तेथे त्यांनी स्वतःसाठी एक घर बांधले. १९६१ मध्ये, वडिलांची जन्मशताब्दी देशभर साजरी होत असताना, त्यांचा त्याच गावी अंत झाला.