ठिपका लहान, काम मोठे



वर्तमानपत्रातला एखादा फोटो भिंगाखाली धरा. काय दिसते? नुसते ठिपके! कागद लांब धरला की पुन्हा माणूस दिसतो. ही जादू नव्हे. काळी शाई कागदावर एक तर लागते, नाही तर लागत नाही. फिकट छटा तिला देता येत नाही. म्हणून फोटोचे ठिपके करतात. गडद जागी मोठे, उजळ जागी बारीक. पांढऱ्या धोतरावर काळे तीळ दाट पसरले तर लांबून गडद दिसते, विरळ पसरले तर फिकट. तसेच हे.

कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी मुलांसाठी पुस्तके लिहीत, चित्रेही काढीत. छापताना चित्रे बिघडत. म्हणून १८९५ च्या सुमारास त्यांनी विलायतेहून सामान मागवले आणि ही विद्या स्वतः अभ्यासली. तिच्यावरचे त्यांचे लेख विलायतेतही छापले गेले.

आमच्या फलटण भागात पिशव्या, लग्नपत्रिका जाळीच्या चौकटीवर छापतात. रबराच्या पट्टीने शाई ओढली की ती जाळीतून खाली उतरते. याला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात.

एका शाळेच्या समारंभासाठी अशा शंभर पिशव्या छापल्या. शाळेला जमीन देणाऱ्या आजींचा फोटो त्यांवर होता. पिशव्या आल्या, तो आजींच्या गालावर काळे डाग! त्यांची सून आम्हांला म्हणाली, "गुरुजी, ह्या आमच्या सासूबाई न्हाईत." पैसा गेलाच, पण जिची आठवण ठेवायची, तिचा चेहराच हरवला.

असे का होते? ठिपके वाढत वाढत एकमेकांना चिकटतात. चिकटले की शाई एकातून दुसऱ्यात पसरते आणि तेवढी जागा एकदम काळी होते.

चौकोनी ठिपके निम्मा कागद काळा झाला की चारी कोपऱ्यांनी एकदम चिकटतात, बुद्धिबळाच्या पटासारखे. गालावरची सावली नेमकी त्याच छटेत येते. म्हणून डाग पडतो.

गोल ठिपके उशिरा चिकटतात. शंभरात सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग काळे झाल्यावर. चेहरा वाचतो, पण केस आणि लुगड्याच्या चुण्या यांचा गोळा होतो.

लंबगोल ठिपके आधी टोकांना चिकटतात, माळेतल्या मण्यांसारखे. मग पुढे कडांना चिकटतात. एक मोठा धक्का दोन लहान धक्क्यांत वाटला जातो. म्हणून माणसाच्या फोटोला बहुधा लंबगोल ठिपका बरा.

आणखी दोन गोष्टी. जाळी ठिपक्यांपेक्षा पुष्कळ बारीक हवी. इंचात ठिपक्यांच्या चाळीस ओळी असतील, तर जाळीचे धागे इंचाला एकशेसाठ ते दोनशे हवेत. आणि ठिपक्यांच्या ओळी धाग्यांना सुमारे साडेबावीस अंश तिरप्या ठेवाव्यात. नाही तर चित्रावर पाण्यासारख्या लाटा उमटतात.

आता ठिपके संगणकावर होतात. गोल, चौकोनी की लंबगोल, हे तिथे निवडता येते. पण निवडायचे माणसानेच.

तेव्हा मंडळी, फोटो छापायला देताना विचारा, "ठिपका कोणता घेणार?" एक पिशवी आधी छापून घ्या. ती हातभर लांब धरून बघा. ज्याचा फोटो आहे, त्याच्या घरच्यांना दाखवा. त्यांनी ओळखले, तरच बाकीच्या छापा.