दादांच्या फियाटचं जुनं इंजिन

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत एक १९६८ सालची फियाट ११०० उभी असते. माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. येणारे-जाणारे विचारतात, "व्हिंटेज का हो?" मी म्हणतो, "दिसायला."

दादा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. १०८९ सीसीचं इंजिन थकलं होतं. वाशीच्या खाडीपुलावर मागच्यांचे हॉर्न ऐकावे लागत. २०१० साली मिस्त्री म्हणाले, "साहेब, प्रीमियर ११८ एनईचं इंजिन टाकू. निस्सानच्या बनावटीचं, ११७१ सीसी. गाडी पळेल."

मला मोह पडला. पण एक बदल दुसऱ्याला घेऊन येतो. नव्या इंजिनाबरोबर त्याचा गिअरबॉक्स आला. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा खाली गेला, त्यासाठी तळाचा पत्रा कापला. प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलली. ब्रेकचं काम निघालं. वाढलेल्या वेगाला मागची बाजू उसळू लागली, म्हणून पाटे काढून कॉइल स्प्रिंगा बसवल्या. आता पाटे नुसता भार पेलत नाहीत, एक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. स्प्रिंगांना ते जमत नाही. मग एक्सल धरायला वेगळे दांडे आले आणि त्यांच्यासाठी तळाला वेल्डिंग. आरटीओची परवानगी काढून आरसी बुकात इंजिन नंबर बदलून घेतला. जुनं इंजिन जागा अडवत होतं, ते तुर्भ्याच्या भंगारवाल्याला वजनावर दिलं.

गाडी छान पळाली. खंडाळ्याचा घाट न थांबता चढली. शेजारी बसलेली आई एवढंच म्हणाली, "गाडी ह्यांचीच, पण आवाज ह्यांच्या गाडीचा नाही."

जुलै २०२१ मध्ये केंद्राचा नियम आला. ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आमची गाडी वयात पास, बाकी सगळ्यात नापास.

त्या नोंदणीचं मला फारसं दुःख नाही. दादा दर रविवारी ज्या इंजिनाचं तेल तपासायचे, ते मी किलोवर विकलं, हे मात्र सलतं.

तुमच्या दारात अशी गाडी असेल तर आधी जुनंच इंजिन बोअर करून, नवे पिस्टन घालून पाहा. बदलायचंच असेल तर शक्यतो पत्रा न कापता, नट-बोल्टवर बसेल असं काम करून घ्या. आणि काढलेला प्रत्येक भाग माळ्यावर जपून ठेवा. उद्या मुलांना वाटलं, तर गाडी पुन्हा पहिल्यासारखी करता येईल. आमच्या गाडीची ती वाट मीच बंद केली.