दाखला वेळेत काढू या



आमच्या बचत गटाच्या सभेत एक ताई हप्ता भरायला आल्या आणि रडायलाच लागल्या. मुलगा दहावीत. दुकानातला हिशेब तोंडी चोख करतो, पण लिहायला बसला की अक्षरं उलटसुलट. इतकी वर्षं सगळे त्याला ‘आळशी’ म्हणायचे. आम्हीही म्हणायचो.

तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली. पण दाखला हातात येईपर्यंत शाळेतून बोर्डाकडे प्रस्ताव पाठवायची मुदत संपली होती. जादा वेळ नाही, लेखनिक नाही. दोन विषय राहिले.

म्हणून आज हे सांगतोय.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आहे आणि बौद्धिक अक्षमताही आहे. दोन्ही वेगळ्या. पहिल्यात मुलाची समज चांगली असते, वाचन, लेखन किंवा गणित अडतं. दुसऱ्यात एकूण समजच उशिरा येते. दाखल्यावर कोणता प्रकार लिहिलाय, त्यावर लाभ ठरतो.

दाखल्यावर 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नववी-दहावीला केंद्राची शिष्यवृत्ती आहे, त्यासाठी आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. दिव्यांग मुलींना समग्र शिक्षा योजनेत महिन्याला 200 रुपये, असे दहा महिने प्रोत्साहन भत्ता आहे, तो मुख्याध्यापकांना विचारा. एक लाखापर्यंतचा ‘निरामय’ आरोग्य विमा मात्र स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांनाच मिळतो. नुसत्या अध्ययन अक्षमतेला नाही. उगाच फेऱ्या मारू नका.

आता करायचं काय? मूल आठ वर्षांचं झालं, तिसरीत गेलं आणि तरी वाचन अडतंय, तर आधी वर्गशिक्षकांशी बोला. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांना मूल दाखवा. मग यूडीआयडीचा अर्ज ऑनलाइन भरा. आधार आणि फोटो जवळ ठेवा. तपासणीला सरकारी रुग्णालयात जायचं. कोणत्या वारी तपासणी असते ते आधी विचारून घ्या, नाहीतर एक रोज बुडतो. जाताना मुलाच्या वह्या न्या. दाखल्याची झेरॉक्स शाळेत द्या आणि पोच घ्या. दहावीच्या सवलतींसाठी नववीतच शाळेच्या मागे लागा.

“माझं पोरगं काय वेडं आहे? दाखला कशाला?” असं त्या ताईही आधी म्हणाल्या होत्या. पोरगं वेडं नाहीच. चष्मा लागला म्हणून कुणी लाजतं का? तसाच हा दाखला.

तो मुलगा आता राहिलेल्या दोन विषयांना बसतोय. या वेळी प्रस्ताव वेळेत गेलाय. तुमच्या गटाच्या पुढच्या सभेत हप्त्यांचं झालं की एवढंच विचारा, कुणाचं मूल वाचताना अडतंय का?