होसूर लांब, बेळगाव जवळ

आज गाडीबद्दल बोलायचं आहे. कुठली घ्यावी हे तुम्ही ठरवलेलं असेलच, मी बोलणार आहे ती कुठून घ्यावी यावर.

सर्जापूर रोडला, म्हणजे इब्लूरपासून दोड्डकन्नेळी, कारमेलारम, दोम्मसंद्र करत थेट सर्जापूरपर्यंत, सोसायट्यांमध्ये मराठी कुटुंबं भरपूर आहेत. गाडी घ्यायची ठरली की पार्किंगमध्ये एक तरी शहाणा भेटतोच. "इथं कशाला घेतोस? कोल्हापूरला घे, एमएच पासिंग कर, लाखभर वाचतील."

आधी आकडा बघू. एक्स-शोरूम १२ लाखांची पेट्रोल गाडी धरा. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला आजीवन कर १७ टक्के, आणि त्या करावर ११ टक्के उपकर. म्हणजे सव्वादोन लाखांच्या पुढे. महाराष्ट्रात तीच गाडी १२ टक्क्यांच्या टप्प्यात येते, १ लाख ४४ हजार. फरक साधारण ८२ हजारांचा. दर अर्थसंकल्पात हलतात, तेव्हा घेताना ताजे बघा. पण फरक खरा आहे आणि तो डोळ्यात भरतो. जीएसटी आल्यापासून, म्हणजे जुलै २०१७ पासून, एक्स-शोरूम किमतीत राज्याराज्यांत फार तफावत राहिलेली नाही. त्यामुळे "तिकडे स्वस्त" म्हणजे बहुतेक वेळा तिकडचा रोड टॅक्स कमी, एवढाच अर्थ असतो.

आणि इथेच गफलत आहे. रोड टॅक्स हा गाडी कुठे विकत घेतली याचा नसतोच. ती कुठे राहते, याचा असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ४० सांगतं की मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जिथे एरवी ठेवली जाते, तिथे नोंदणी करायची. कलम ४७ म्हणतं की एका राज्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यायचा. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपला कर-कायदा बदलून ही सवलत ३० दिवसांवर आणली होती. रस्त्यावर बाहेरच्या नंबरच्या गाड्या अडवल्या जायच्या, लोक टोलच्या पावत्या जपून ठेवायचे, 'परवाच आलोय' हे दाखवायला. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. पण वर्षभराची मुदत ही पाहुण्यांसाठी आहे. इथे नोकरी, मुलांची शाळा, घराचा हप्ता, असं सगळं असलेल्या माणसाने स्वतःला पाहुणा म्हणवून घेणं फार दिवस चालत नाही.

मग होतं काय? कोल्हापूरच्या आरटीओकडून एनओसी, म्हणजे फॉर्म २८. कर्ज असेल तर बँकेची संमती. इथे गाडीची तपासणी, गाडीच्या वयानुसार कर्नाटकाचा आजीवन कर, नवा नंबर. आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागायला पुन्हा तिकडे अर्ज. तो मिळतो, पण त्याच्या मागे लागावं लागतं. ८२ हजारांची बचत अशी दोन्हीकडे पैसे अडकवून बसते.

त्यातही खरी अडचण वेगळीच असते. तिकडे नोंदणी करायची तर पत्ता तिकडचा लागतो, म्हणून गाडी वडिलांच्या नावावर घेतली जाते. चालवणार मुलगा, बंगळुरूत. आता बहुतेक कामं ऑनलाइन आहेत आणि ओटीपी जातो मालकाच्या फोनवर, म्हणजे कोल्हापुरात अण्णांच्या हातात. ते दुपारी झोपलेले असतात. इथवर हसण्यावारी नेता येतं. पण अण्णाच गेले तर? नियम असा की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरायचा. वारस म्हटलं की बहिणीचीही संमती आली, आईचीही. कागद मिळतात, कोणी अडवतं असं नाही. पण दिवसांच्या आत आरसीवर सह्या मागायला आईसमोर बसायचं, हे ८२ हजारांत बसतं का, ज्याचं त्याने बघावं.

खोटा पत्ता दाखवणं हा तर मार्गच नव्हे. पुद्दुचेरीच्या भाड्याच्या पत्त्यांवर नोंदवलेल्या महागड्या गाड्यांवरून केरळात २०१७ मध्ये सिनेनटांवर गुन्हे दाखल झाले होते. आपली तर हॅचबॅक.

होसूरचं नावही बरेच जण काढतात. सर्जापूर गावातून अत्तीबेलेमार्गे होसूर हाकेच्या अंतरावर. पण तो तामिळनाडू. आणि तिथेही नोव्हेंबर २०२३ पासून १० ते २० लाखांच्या गाडीला १८ टक्के कर झाला. म्हणजे जवळ असून लांब, वर स्वस्तही नाही.

बीएच नंबर हा मात्र सरळ मार्ग आहे. सप्टेंबर २०२१ पासून मिळतो. सरकारी नोकर, सैन्यातले लोक आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना. दर ८, १० आणि १२ टक्के, डिझेलला दोन जास्त, इलेक्ट्रिकला दोन कमी, आणि भरायचा दोन-दोन वर्षांचा. कर्नाटकाने खासगी नोकरदारांना तो द्यायला नकार देणारं परिपत्रक काढलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ते रद्द केलं. सर्जापूर रोडवरचे निम्मे लोक अशाच कंपन्यांत आहेत. पाच वर्षांत पुण्याला बदली मागायचा विचार असेल, तर एचआरकडून फॉर्म ६० घ्या आणि आजचं बाकीचं भाषण सोडून द्या.

बाकीच्यांसाठी माझं म्हणणं एकच: बेळगावला फोन लावा. कर्नाटकच, म्हणजे कर तोच, एनओसीचा प्रश्न नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ४० ची भाषाही 'त्या राज्यातला कोणताही नोंदणी अधिकारी' अशी आहे. गाडी तुमच्याच नावावर, बंगळुरूच्या पत्त्यावर. मग सहाशेच्या आसपास किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जाण्याऐवजी पाचशेवरच्या बेळगावला जाण्यात फायदा काय? डीलरची सूट. एक्स-शोरूम सारखी असली तरी सूट, अॅक्सेसरीज आणि वेटिंग प्रत्येक डीलरकडे वेगळं असतं. डीलरांना ठरलेल्यापेक्षा जास्त सूट देऊ न देण्यावरून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली. त्यातून ग्राहकाने एवढं घ्यावं, की सूट ही घासाघीस करण्याचीच जागा आहे. शिवाय बेळगावात ही घासाघीस मराठीत करता येते, आणि मला विचाराल तर तिची किंमत पाच हजार धरा.

लांबून घेताना फोनवर कोटेशन मागा ते ओळीओळीने: एक्स-शोरूम, कर, विमा, फास्टॅग, 'हँडलिंग' नावाची काही ओळ असेल तर ती खोडून. १० लाखांवर एक टक्का टीसीएस लागतो, तो आयकर विवरणात वळता करून घेता येतो. ती डीलरची लूट नव्हे. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. थर्ड पार्टी मात्र तीन वर्षांचा लागतो. कर्ज बंगळुरूच्या शाखेतून चालतं. वॉरंटी कंपनीची असते, ती सर्जापूर रोडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला तितकीच चालते. मालाला खोट निघाली तर पाचशे किलोमीटर परत जायचं नाही.

एक फेरी मात्र चुकवू नका. नोंदणीच्या आधी गाडी डोळ्यांनी बघायची. एकदा तुमच्या नावाची आरसी झाली की 'दुसरी गाडी द्या' म्हणायला जागा उरत नाही. स्वतःला जमत नसेल तर भाऊ, मेहुणा, कोणीही पाठवा. चासी नंबर इन्व्हॉइसशी ताडून बघा. फॉर्म २१ वर निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं, ते वाचा. सहा महिने उन्हात उभी असलेली गाडी असेल तर सूट वाढली पाहिजे. टायरवर आठवडा-वर्षाचे चार आकडे असतात, स्टेपनीवरही बघा. रंगाला उजेडात तिरकं बघा, शोरूमच्या दिव्याखाली सगळंच चकाकतं.

आणि परतीचा रस्ता. विमा सुरू झालाय, पक्की नंबरप्लेट बसली आहे, मगच चावी घ्या. पहाटे निघा. धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, सगळा मोठा हायवे, आणि नव्या इंजिनाला तोच मोह नको. एकाच वेगात तासन्‌तास धरून ठेवू नका, कमी-जास्त करत या, दर दीड-दोन तासांनी थांबा. शक्य असेल तर हुबळीच्या आसपास एक मुक्काम करा. नवी गाडी, अनोळखी ब्रेक आणि रात्रीचे उसाचे ट्रॅक्टर हे एकत्र नको.

पूजा बेळगावातच उरका. कोल्हापूरचे आई-वडील तिथे दोन-अडीच तासांत येतात, इथवर येणं त्यांना जड जातं. फक्त चाकाखाली लिंबू ठेवण्याआधी ओडोमीटरचा फोटो काढून घ्या.