चौकटीमागचे हात

(तालुक्याच्या गांवीं भरलेल्या शेतकरी-कारागीर मेळाव्यांतील भाषण)



या मेळाव्यांत सुतार, लोहार, कुंभार, कोष्टी, चर्मकार आणि शेतकरी अशीं सर्व घरचीं मंडळी जमलीं आहेत, आणि प्रत्येक धंदेवाल्यानें आपल्या धंद्याविषयीं बोलावें असें ठरलें आहे. आमचा धंदा तसबिरी मढविण्याचा. पेठेंत आमचें दुकान आहे आणि त्याला लागून असलेल्या खोलींत आम्हीं चित्रांचें एक लहानसें दालन केलें आहे. लोक आम्हांस विचारतात, "चार पट्ट्या, एक कांच आणि मूठभर खिळे, यांत बोलण्यासारखें तें काय?" आमचें उत्तर असें कीं, घराची भिंत ही मुलांची दुसरी शाळा आहे. तेथें कोणाची तसबीर लागते, कोणाची कधींच लागत नाहीं, आणि जीं लागते ती काढणाऱ्याचें व मढविणाऱ्याचें नांव घरांत कोणास ठाऊक असतें काय, या प्रश्नांत आपणां कष्टकऱ्यांच्या मानाचा प्रश्न गुंतलेला आहे. तेवढाच आज बोलावयाचा आहे.

प्रथम काम सांगतों. दुकानांत आम्ही चौघे आहों. एक सुतारघरचा, तो पट्टी कापतो आणि कोपरे जुळवितो. दुसरा हिरकणीनें कांच कापतो. तिसरी आमची भगिनी. ती चित्राभोंवतीचा पुठ्ठा कापते, चित्र बसविते आणि पाठीमागून कागद चिकटवून धुळीची वाट बंद करिते. चौथा पूर्वीं दुकानांच्या पाट्या रंगवीत असे. छापील फ्लेक्सचे फलक गांवोगांव आले आणि त्याच्यासारख्या शेंकडों रंगाऱ्यांचा ब्रश खालीं पडला. आज तो आमच्या दालनाची व्यवस्था पाहतो आणि फावल्या वेळीं चित्रें काढतो.

या कामाला अक्कल लागत नाहीं असें ज्यांना वाटतें त्यांनीं एक हिशेब ऐकावा. चौकटीला कोपरे चार, पण काप आठ. प्रत्येक काप बरोबर ४५ अंशांचा लागतो. प्रत्येक कापांत अर्ध्या अंशाचा फरक राहिला, तर एकट्या कापांत तो डोळ्यांस दिसत नाहीं; पण आठ कापांचे मिळून चार अंश होतात आणि शेवटचा कोपरा कांहीं केल्या मिटत नाहीं. समोरासमोरच्या पट्ट्या केसभर लहानमोठ्या झाल्या तरी तीच गत होते. ही भूमिति आमचा सुतार कागदावर मांडीत नाहीं. त्याच्या हातांत ती आहे. जो पुस्तकांतून शिकला तो विद्वान, आणि जो हातांतून शिकला तो अडाणी, हा भेद कोणीं केला आणि कोणाच्या सोयीसाठीं केला, हें आपल्याला जोतीरावांच्या काळापासून सांगितलें गेलें आहे. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत त्यांनीं शेतकऱ्याच्या जोडीनें कारागिरांच्या बुडालेल्या धंद्यांचेंही दुःख मांडलें, तें उगीच नव्हे.

आतां आमच्या दुकानीं येतें कोण? मोठ्या शहरांतल्या दुकानांत लोक चित्र घेऊन येतात. आमच्याकडे माणसें आपलीं माणसें घेऊन येतात. कोणी सरकारी ओळखपत्रावरचा बोटाएवढा फोटो आणतो आणि म्हणतो, "बाप वारला, दुसरा फोटो नाहीं, एवढा मोठा करून द्या." कोणी लग्नांतल्या घोळक्याचा फोटो आणून त्यांतली आई वेगळी काढून मागते, कारण आईचा एकटीचा फोटो जन्मांत कधीं काढलाच नव्हता. असें आम्हीं किती वेळां पाहिलें याची गणती नाहीं. बापाचा फोटो असतो, थोरल्या मुलाचा असतो, बैलजोडीचाही असतो; आईचा नसतो. जिनें पहांटे उठून सारें घर उभें केलें, तिची ओळख नातवाला पटविण्यास घरांत एक कागदही नाहीं. हें दैन्य पैशाचें नव्हे, हें मनाचें दैन्य आहे. आजकाल प्रत्येक खिशांत मोबाइल आहे आणि त्यांत हजारों फोटो आहेत. पण तो मोबाइल पाण्यांत पडला कीं सारें गोत्र त्याच्याबरोबर बुडतें. म्हणून आमचें सांगणें आहे कीं, आई हयात आहे तोंच तिचा एक चांगला फोटो कागदावर उतरवून घ्या, आणि पाठीमागें तिचें नांव, माहेरचें गांव आणि साल लिहा.

असा कागद टिकवावा कसा, हेंही सांगून ठेवतों, कारण यांत खर्च थोडा आणि लाभ मोठा आहे. फोटो कांचेला चिकटूं देऊं नये. मध्यें पुठ्ठ्याची किनार ठेवून पोकळी राखावी, नाहींतर पावसाळ्यांत ओल धरून फोटो कांचेला डसतो आणि सोडवितांना चेहऱ्याचें कातडें निघावें तसा निघतो. पाठीशीं हलका पुठ्ठा किंवा उघडें लाकूड लावूं नये; त्यांतल्या आम्लानें कागद तपकिरी पडतो व ठिसूळ होतो. आम्लरहित पुठ्ठा थोडा महाग पडतो, पण एका पिढीऐवजीं तीन पिढ्या सोबत करितो. चिकटपट्टी फोटोला कधींही लावूं नये. तिचा डाग जात नाहीं. पावसाचा मारा ज्या भिंतीवर असेल तिच्यावर तसबीर टांगूं नये, आणि टांगावीच लागली तर मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांस बुचाचे तुकडे लावावे, म्हणजे भिंत व तसबीर यांमधून वारा खेळतो. उन्हाची तिरीप व चुलीचा धूर यांपासून ती दूर ठेवावी. कांच पुसतांना पाणी फडक्यावर घ्यावें, कांचेवर ओतूं नये. आणि हळदकुंकू वाहावयाचें असेल तर तें कांचेवर वाहावें, कडेच्या फटींत नव्हे. कसर तेथूनच आंत शिरते.

आतां भिंतीवर आजवर कोण बसलें आणि तें कसें, हें पाहूं. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं मुंबईस गिरगांवांत शिळाछापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून लक्ष्मी-सरस्वतीचीं रंगीत चित्रें हजारोंनीं निघालीं आणि खेड्यापाड्यांत पोहोंचलीं. ज्याला देवळाच्या पायरीवरून मागें फिरविलें जाई, त्याच्या झोंपडींत देव कागदावर बसून आपण होऊन आला, आणि मध्यें दक्षिणा घेणारा कोणी नव्हता. हें काम लहान नव्हे. त्या कागदांना चौकट करतां करतां आमच्यासारखीं दुकानें गांवोगांव उभीं राहिलीं. परंतु देव आले, राजे आले, पुढारी आले. नांगर धरणारा आणि खुरपें धरणारी मात्र भिंतीवर क्वचितच आलीं.

तीं आणावयाचीं तर काढणारा हात आपल्यांतलाच हवा. असा हात आपल्यांत होता व आहे. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री यांचें उदाहरण घ्या. जन्म १८९० चा, घर कारागिराचें. कलाशाळेची पायरी न चढतां ते चित्रकला आणि मूर्तिकला शिकले. चुलतबंधु आनंदराव यांच्यासह त्यांनीं नाटकांचे पडदे रंगविले. आनंदराव १९१६ सालीं निवर्तले. तरी बाबूरावांनीं खटपट सोडली नाहीं. आपल्याच कारखान्यांत कॅमेरा तयार करून १९२० सालीं 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आणला. १९२५ सालीं 'सावकारी पाश' काढून कर्जापायीं जमीन गमावणारा शेतकरी लोकांपुढें उभा केला. जगानें त्यांस बाबूराव पेंटर म्हटलें. ज्या कामाला हलकें म्हणत, तेंच काम त्यांचें आडनांव झालें. त्याच कोल्हापुरांत, सत्यशोधक घरांत वाढलेले भाई माधवराव बागल हे चळवळीचे पुढारी होते तसे चित्रकारही होते. त्यांच्याच खटपटीनें १९५० सालीं बिंदु चौकांत जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हां हयात होते. कोणाला चौथऱ्यावर बसवावें हें ठरविण्याचा हक्क त्या दिवशीं बहुजनांनीं आपल्या हातीं घेतला.

आणखी पाहा. डहाणूकडच्या वारली बंधूंत लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढण्याचा मान सवासिनींचा. पिढ्यान् पिढ्या त्या काढीत आल्या. त्यांचीं नांवें कोठें लिहिलीं गेलीं नाहींत. पुढें ती कला कागदावर उतरली, जिव्या सोमा म्हसे यांचें नांव जगभर झालें आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आम्हांस त्याचा आनंद आहे. पण त्या आनंदांत त्या अनाम सवासिनींचा विसर पडूं नये. तिकडे सिंधुदुर्गांत कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजानें चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जतन केल्या. तेथील परशुराम गंगावणे यांनीं आपल्या गुरांच्या गोठ्याचेंच संग्रहालय केलें. त्यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. संग्रहालयाला संगमरवरी महाल लागतो ही समजूत त्या गोठ्यानें खोटी पाडली.

आणि ज्यांना महाल मिळाला त्यांचें काय? पंढरपुरीं जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईंत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत; म्हणजे आमच्या चौथ्या सोबत्याचेच ते धंदेबंधु. त्यांनीं १९५४ सालीं 'ग्रामयात्रा' या नांवाचें खेड्याच्या जीवनाचें चित्र काढलें. तें २०२५ सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत १ कोटि ३७ लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. चित्रकाराच्या गुणाला एवढी किंमत आली याचा आम्हांस अभिमान आहे. पण विचार करा : चित्रांत खेडें, किंमत कोटींची, आणि खेड्यांतल्या मुलाला खरें रंगविलेलें एक चित्र जवळून पाहावयास मिळत नाहीं! जत्रा आपली, आणि दर्शन दुसऱ्याला.

म्हणून आम्हीं तें दालन केलें. भाडें निघेल म्हणून नव्हे. त्या खोलींत माल ठेवला असता तर पैसे अधिक मिळाले असते. तेथें तिकीट नाहीं, कोणी 'तूं कोण' म्हणून विचारीत नाहीं, आणि बाजारच्या दिवशीं डोक्यावरची पाटी दारांत उतरवून बायाबापड्या आंत येतात. प्रथम त्या दबकतात. मग आपल्या ओळखीची वस्तु चित्रांत दिसली कीं बोलूं लागतात, आणि तें बोलणें ऐकण्यासारखें असतें. एका शिकलेल्या चित्रकाराचें नांगरणीचें चित्र लागलें होतें. पाहुण्यांनीं त्याच्या रंगांची स्तुति केली. एका शेतकऱ्यानें मात्र बराच वेळ पाहून विचारलें, "याच्या नांगराला रुमणें कोठें आहे? हा धरतो काय?" चित्रकार समजूतदार, त्यानें चित्र परत नेऊन रुमणें काढून आणलें. त्या दिवशीं आम्हांस पटलें कीं, चित्र कळावयास कोणाची दीक्षा लागत नाहीं. ज्याचें जिणें चित्रांत आहे तोच त्याचा पहिला परीक्षक.

बंधूंनो, आतां मागणें काय तें थोडक्यांत सांगतों. तुमचें मूल भिंतीवर कोळशानें रेघा ओढूं लागलें तर त्याला मारूं नका, कागद द्या. शाळेंत सरकारच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकलेच्या परीक्षा असतात, त्यांस त्याला बसवा; आणि मुलीला तर आधीं बसवा. घरांत पांच तसबिरी असतील तर त्यांतली एक तरी आपल्या माणसाच्या हातची असूं द्या. लग्नांत आहेर म्हणून कपाटांत पडून राहणारी भांडीं देण्यापेक्षां गांवच्या मुलाचें चित्र द्या. मढविणाऱ्याची मजुरी माल उचलतांनाच द्या. सत्काराच्या तसबिरी उधारींत नेऊन नंतर तोंड चुकविणारे मोठे लोक आम्हीं पाहिले आहेत. समतेचीं भाषणें त्याच तसबिरी हातांत धरून होतात! आणि प्रत्येक तसबिरीच्या पाठीमागें काढणाऱ्याचें, मढविणाऱ्याचें आणि चित्रांतल्या माणसाचें नांव लिहून घ्या. आम्ही आतां तसें लिहूनच देतों, आणि त्याचा वेगळा पैसा घेत नाहीं.

एका कापांत अर्धा अंश चुकला तर चालेल असें प्रत्येक पट्टीनें म्हटलें तर चौकट मिटत नाहीं. समाजाचेंही तसेंच आहे. एकानें नांव गाळलें, दुसऱ्यानें मजुरी बुडविली, तिसऱ्यानें आईचा फोटो काढण्याचें उद्यांवर टाकलें. प्रत्येकाची चूक लहान, पण मिळून सबंध कष्टकरी वर्ग आपल्याच भिंतीवरून नाहींसा होतो. तेव्हां आज घरीं गेल्यावर कंदील नको, दिवा लावा आणि आपली भिंत एकदां नीट पाहा. तेथें कोण नाहीं तें तुम्हांस लगेच दिसेल. त्यांना जागा द्या.