घरातल्या पैशाची घरात माहिती



वर्ध्याजवळचं सावंगी (मेघे) म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतं ते आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. त्याच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या आधाराने इथे डॉक्टर-प्राध्यापकांची सधन घरं वाढली. अशा घरांना पैशाचा सल्ला देणं हे माझं काम. डॉक्टरसाहेब ओपीडी आटोपून घरी येतात, जेवणं होतात आणि मग आमची बैठक बसते.

कोणता शेअर वाढेल, हे मी सांगावं अशी अपेक्षा असते. मी आधी विचारतो: उद्या तुम्हाला काही झालं, तर कुठे काय ठेवलंय हे घरात कोणाला माहीत आहे? पुष्कळ घरांत उत्तर येत नाही. एफडी तीन बँकांत, एसआयपी मोबाइलवर, देवळीकडचं शेत अजून आजोबांच्या नावावर, मुलं पुण्यात नाहीतर परदेशात. कमाई चांगली, पण तिचा ठावठिकाणा एकट्यालाच ठाऊक.

म्हणून पहिलं काम यादीचं. दुसरं नॉमिनीचं. नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज सुशिक्षित घरांतही आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या संपत्तीसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की नॉमिनी म्हणून नाव लागल्याने शेअर्सची मालकी मिळत नाही. मालकी ठरते मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, त्याची नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. तरीही हा विषय काढला की अभद्र बोलल्यासारखं होतं. तो संकोच घालवण्यातच माझा बराच वेळ जातो, आणि तो वेळ मला सत्कारणी लागला असं वाटतं.

सल्लागारालाही एक प्रश्न जरूर विचारा: तुम्हाला पैसे कोण देतं? शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार नोंदणीकृत सल्लागार फी ग्राहकाकडून घेतो. ज्याला सल्ला दिला त्यालाच योजना विकून कमिशन घेता येत नाही. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला कमिशन फंड कंपनीकडून मिळतं. दोन्ही व्यवसाय कायदेशीर आहेत, पण समोर बसलेला माणूस यातला कोण, हे तुम्हाला कळलंच पाहिजे.

आपल्या वर्ध्याला श्रीमंतीचा एक मोठा धडा मिळालेला आहे. धनवानांनी विश्वस्त व्हावं असं लिहिताना आपल्यासमोर प्रामुख्याने वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज असत, असं गांधीजींनी १९४२ साली, जमनालालजींच्या निधनानंतर लिहिलं. जमनालालजींएवढा त्याग सगळ्यांना जमणार नाही. पण विश्वस्ताला हिशोब चोख ठेवावा लागतो आणि तो ज्यांचा आहे त्यांना दाखवावा लागतो. एवढं तर प्रत्येक घराला जमेल.

येत्या रविवारी वही घ्या, नवराबायको शेजारी बसा, मोठ्या मुलांनाही बोलवा. खाती, पॉलिसी, लॉकर, कर्ज, सातबारा, सगळं लिहून काढा. सल्लागाराला त्यानंतर बोलवा.